काटा अडकलाय, पण नेमका कुठे?

आरोंद्यातल्या गाडीवाल्याला पेट्रोलच्या काट्याची गरज इतरांपेक्षा जरा जास्तच असते. किरणपाणीचा पूल ओलांडला की गोवा लागतो आणि तिथे पेट्रोल आपल्यापेक्षा स्वस्त पडतं. त्यामुळे अलीकडे टाकी भरायची नाही, आहे त्यात भागवायचं आणि पलीकडे पेडण्याच्या बाजूला गेलं की फुल करून यायचं, ही सवय घरोघरी आहे. हा सगळा हिशोब काट्याच्या भरवशावर चालतो. काटा अर्ध्यावर बघून मळेवाडच्या रस्त्याला लागावं आणि चढावावर गाडीने आचके देत बंद पडावं, असं झालं की मग लक्षात येतं की काटा कित्येक दिवसांपासून तिथेच आहे. "काटो हलना नाय" ही तक्रार पावसाळा सरताना हमखास ऐकू येते आणि गणपतीला चाकरमानी आले की तिला जोर चढतो.

तक्रार ऐकल्याबरोबर बहुतेकांचा हात मीटरकडे जातो. काचेवर टिचक्या मारून होतात, मग कोणीतरी पेचकस घेऊन डॅशबोर्ड खोलायला बसतो. माझं सांगणं आहे की तिथे सगळ्यांत शेवटी जा. काटा स्वतःहून काही मोजत नाही. टाकीतल्या फ्लोटने, इंजिनावरच्या सेन्सरने, गिअरबॉक्सवरच्या केबलने जे कळवलं तेवढंच तो दाखवतो. निरोप वाटेतच अडला तर काटा बदलून काय उपयोग? आपल्या किनारपट्टीवर तर निरोप अडायला जागाच जागा. तेरेखोल खाडीवरून येणारी खारी हवा, चार महिन्यांचा पाऊस, जांभ्याचा तांबडा चिखल आणि वायरी कुरतडणारे उंदीर. त्यामुळे तपासणी टाकीकडून, म्हणजे शेपटाकडून सुरू करावी आणि मीटरशी संपवावी. निम्म्याहून जास्त वेळा मीटर उघडावंच लागत नाही, असा माझा अनुभव आहे.

हाताला काही लावण्याआधी पाच मिनिटं नुसतं बघा. किल्ली ऑन करा, गाडी सुरू करू नका. कोणता काटा हलतो, कोणता नाही? एकच काटा मेलेला असेल तर दोष त्या काट्याच्या वाटेवर असतो. सगळे काटे एकदम मेले असतील तर दोष सामायिक जागी असतो, म्हणजे फ्यूज, मीटरचा कपलर, मीटरचं अर्थिंग किंवा बॅटरीचा सैल टर्मिनल. फ्यूज नुसता डोळ्यांनी बघून पास करू नये. काढून मल्टिमीटरने तपासावा आणि त्याचे पाय काळे-हिरवे पडलेत का तेही बघावं. जुन्या पद्धतीच्या काही गाड्यांत पेट्रोल आणि टेंपरेचर या दोन काट्यांना मिळून एकच छोटा स्टॅबिलायझर असतो. तो बॅटरीच्या बारा व्होल्टचा साधारण दहा करून देतो. दोन्ही काटे एकदमच वर चढून बसले किंवा दोन्ही एकदमच झोपले, तर टाकी आणि इंजिन एकाच दिवशी बिघडलेलं नाही, स्टॅबिलायझर गेलाय किंवा त्याचं अर्थिंग सुटलंय, असं समजावं.

काही वेळा मुळात बिघाडच नसतो. किल्ली काढल्यावरही पेट्रोलचा काटा खाली पडत नाही, होता तिथेच राहतो, म्हणून घाबरून गाडी घेऊन येणारे लोक आहेत. बऱ्याच गाड्यांच्या मीटरमध्ये काटा दोन आडव्या-उभ्या गुंडाळ्यांच्या मधोमध फिरतो आणि त्याच्या बैठकीत दाट सिलिकॉन तेल असतं. गाडी खड्ड्यात आपटली, घाटात वळली, टाकीतलं पेट्रोल हिंदकळलं तरी काटा नाचू नये म्हणून ते तेल. त्या तेलामुळेच किल्ली काढल्यावर काटा तिथेच राहतो. पेट्रोल भरून किल्ली ऑन केल्यावर तो हळूहळू, मिनिटभर घेऊन वर चढत असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका. टेंपरेचरच्या काट्याचंही तसंच. नव्या गाड्यांत इंजिन एकदा गरम झालं की काटा मधोमध येऊन थांबतो आणि बरंच तापमान वरखाली झालं तरी हलत नाही. कंपनीनेच तो तसा ठेवलेला असतो. थंड इंजिनावर तो खाली असेल आणि दहा-पंधरा मिनिटांत मध्यावर येत असेल तर तो अडकलेला नाही.

पेट्रोलचा काटा

आपल्याकडे सगळ्यांत जास्त अडतो तो हाच, म्हणून याच्यावर जास्त वेळ घालवू.

टाकीत एक फ्लोट तरंगतो. त्याच्या दांड्याच्या दुसऱ्या टोकाला धातूची बारीक जीभ असते. पेट्रोल वरखाली झालं की ही जीभ एका रोधाच्या पट्टीवर घासत सरकते. पट्टीचा रोध बदलतो, त्याप्रमाणे मीटरकडे जाणारा करंट बदलतो आणि काटा हलतो. एवढंच यंत्र, त्याला सेंडर म्हणतात. त्यात बिघडायच्या जागा चार आहेत: फ्लोटला भोक पडून त्यात पेट्रोल शिरणं, दांडा अडकणं, पट्टी झिजणं किंवा तिच्यावर थर चढणं, आणि कपलर किंवा अर्थिंग गंजणं. मुंबई-पुण्याच्या गाडीत पट्टी झिजलेली सापडेल. आरोंदा, शिरोडा, रेडी या पट्ट्यातल्या गाडीत आधी कपलर बघावा.

तो कपलर बऱ्याच गाड्यांत मागच्या सीटखाली, गालिचा उचलला की दिसणाऱ्या गोल झाकणाखाली असतो. काही गाड्यांत मात्र टाकी उतरवल्याशिवाय तिथे पोचताच येत नाही. तुमची गाडी तशी असेल तर हे काम गॅरेजला द्या. झाकण काढल्यावर आधी नाक वापरा. पेट्रोलचा उग्र वास आला तर पुढे काहीही करू नका. दारं उघडा, वास जाऊ द्या आणि मेकॅनिकला बोलवा, कारण टाकीच्या तोंडाचं सील गळत असण्याची शक्यता आहे. वास नसेल तर बॅटरीचा निगेटिव्ह टर्मिनल सोडवून कपलर अलगद ओढा. वायरीला धरून ओढू नका, कुलपाची पट्टी दाबून प्लास्टिकला धरून ओढा. आता आत नीट बघा. पितळी भांड्यावर चढतो तसा हिरवट कळंक पिनांवर दिसला तर तुमचं अर्धं काम झालं. कधी पिन बाहेरून चकचकीत असते पण वायर जिथे तिच्यात दाबून बसवलेली असते तिथे आतून काळी भुकटी झालेली असते. वायर किंचित हलवली की तुटून हातात येते. ती तशीच परत खोचून "चालू झालं" म्हणू नका. नवी पिन बसवून घ्या.

कपलर स्वच्छ करायला इलेक्ट्रिक कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा आणि जुना दात घासायचा ब्रश पुरे. पॉलिश पेपर घासू नये, पिनेवरचा मुलामा निघून जातो आणि पुढच्या पावसात ती दुप्पट वेगाने गंजते. कोरडं झाल्यावर कपलरच्या रबरी सीलला डायइलेक्ट्रिक ग्रीसचा पातळ हात द्यावा. हे ग्रीस वीज वाहून नेत नाही, ओल बाहेर ठेवतं. पाच-दहा रुपयांचं चाकाचं ग्रीस त्याच्या जागी चालत नाही.

यानंतरही काटा हलत नसेल तर मल्टिमीटर घ्या. कपलर काढलेलाच आहे. टाकीकडच्या बाजूच्या सिग्नल आणि अर्थच्या पिनांमधला रोध मोजा. आतच पेट्रोल पंप असेल तर त्या कपलरला आणखी दोन जाड वायरी असतात, त्यांना हात लावू नका. कोणत्या वायरी कोणत्या, हे गाडीच्या वायरिंगच्या नकाशावरून ठरवा, अंदाजाने नको. आकडे गाडीगणिक वेगळे असतात. अनेक जपानी घराण्याच्या गाड्यांत टाकी भरलेली असताना अगदी कमी, दोन-पाच ओहम आणि रिकामी असताना शंभर-सव्वाशेच्या घरात रोध मिळतो. काही गाड्यांत नेमकं उलटं. नेमका आकडा माहीत नसला तरी काम भागतं. मल्टिमीटर काहीच आकडा दाखवत नसेल तर पट्टी तुटली आहे. आकडा दाखवतोय, आणि मागचा बंपर दाबून गाडी हलवल्यावर तो थोडा वरखाली होतोय, तर फ्लोट जिवंत आहे, दोष पुढे आहे. मग त्याच कपलरच्या गाडीकडच्या बाजूला अर्थची पिन आणि गाडीचा उघडा पत्रा यांच्यातला रोध मोजा. तो एका ओहमच्या आत हवा. दहा-वीस ओहम येत असतील तर काटा कायम चुकीचंच दाखवणार, मीटर कितीही नवं टाका. तो अर्थचा बोल्ट शोधा. बहुतेक वेळा तो मागच्या डिकीच्या कडेला किंवा सीटखाली पत्र्याला आवळलेला असतो. काढून पत्रा चकचकीत घासा, पुन्हा आवळा आणि वरून रंगाचा किंवा ग्रीसचा हात द्या. इथे घासणं योग्य आहे, कारण हा साधा पत्रा आहे.

जुन्या, कंप्युटर नसलेल्या गाडीत आणखी एक सोपी परीक्षा आहे. बॅटरी परत जोडा, कपलर सुटाच ठेवा आणि किल्ली ऑन करा. काटा एका टोकाला जाईल. मग गाडीकडच्या सिग्नल वायरला दोन-तीन सेकंद अर्थ द्या. काटा दुसऱ्या टोकाकडे निघाला तर वायर आणि मीटर दोन्ही शाबूत आहेत, दोष टाकीत आहे. काटा ढिम्म राहिला तर दोष वायरीत किंवा मीटरमध्ये. दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त वेळ धरू नका, जुनं मीटर जळू शकतं. ठिणगीचा धोका लक्षात घेऊन ही परीक्षा टाकी बंद असताना, वास नसताना, मोकळ्या हवेत करा. ज्या गाडीत टाकीचा निरोप आधी कंप्युटरकडे जातो तिथे वायर अर्थ करण्याचा खेळ करायचाच नाही. तिथे स्कॅनर लावावा. स्कॅनरवर पेट्रोलची पातळी बरोबर दिसत असेल तर दोष मीटरच्या काट्याचा, हे दोन मिनिटांत कळतं. सावंतवाडी, कुडाळ, म्हापशाच्या बऱ्याच ऑटो इलेक्ट्रिशियनकडे स्कॅनर असतो.

टाकीतला फ्लोट बाहेर काढायचा असेल तर टाकी पाव किंवा त्याहून कमी असताना काढावा, बॅटरी सोडलेली असावी, आसपास बल्ब, विडी, मोबाईलचा चार्जर काहीही नसावं. पट्टीवर चढलेला थर कॉन्टॅक्ट क्लीनरने जातो, पण झिजलेली पट्टी दुरुस्त होत नाही. जीभ वाकवून नव्या जागी टेकवायची युक्ती काही जण करतात. ती महिना-दोन महिने चालते. माझ्या मते नवा सेंडर टाकणं शहाणपणाचं. बसवताना टाकीच्या तोंडाची रबरी रिंगही नवीच घ्यावी, जुनी फुगलेली असते आणि परत नीट बसत नाही.

गावी गाडी उभी करून मुंबईला जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतली ओल शोषून घेतं. अर्धी रिकामी टाकी शिमग्यापासून गणपतीपर्यंत दमट हवेत उभी राहिली की आत पाणी साठतं, सेंडरच्या धातूच्या भागांवर थर चढतो आणि दांडा आहे त्या जागी धरतो. जास्त दिवस गाडी उभी राहणार असेल तर टाकी जवळजवळ भरून ठेवा म्हणजे आत हवेला जागा कमी राहते, आणि घरच्या कोणाला तरी पंधरवड्यातून एकदा गाडी चालवून आणायला सांगा. नुसती जागेवर सुरू करून बंद करणं पुरत नाही. प्लास्टिकची ताडपत्री गच्च बांधून ठेवू नका, तिच्याखाली ओल कोंडते. पडवीत, वारा लागेल अशी उभी करा. बॉनेटखाली आणि सीटखाली उंदरांचं घर झालंय का ते बघायला सांगा. परत आल्यावर काटा अडकलेला दिसला तर आधी कुरतडलेली वायर शोधा.

टेंपरेचरचा काटा

हा काटा अडकलेला असताना गाडी चालवणं मला मान्यच नाही. पेट्रोलचा काटा फसवतो तेव्हा माणूस रस्त्यात थांबतो, टेंपरेचरचा फसवतो तेव्हा इंजिनाचं हेड वाकतं. सावंतवाडीवरून आंबोलीचा घाट चढायला निघण्याआधी हा काटा थंड इंजिनावर खाली आणि गरम झाल्यावर वर येतोय, याची खात्री करून घ्या.

इंजिनावर पाण्याच्या वाटेत एक सेन्सर असतो. गरम झालं की त्याचा रोध कमी होतो. जुन्या एका वायरीच्या सेन्सरची वायर काढली की काटा थंडच्या टोकाला जायला हवा आणि ती वायर क्षणभर अर्थ केली की गरमच्या टोकाला. तसं झालं तर मीटर ठीक आहे, सेन्सर बदला. तो स्वस्त असतो. नव्या गाड्यांत इथेही स्कॅनरच.

काटा कायम खालीच राहत असेल तर मीटरला दोष देण्याआधी थर्मोस्टॅट तपासा. इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरकडे पाणी जाऊ न देणारी ती झडप आहे. बहुतेक गाड्यांत ती 82 ते 88 अंशांच्या आसपास उघडते. सकाळी थंड गाडी सुरू करून रेडिएटरच्या वरच्या होजला हात लावत राहा, मात्र पंख्यापासून हात आणि बाही लांब ठेवा. होज बराच वेळ गार राहून मग एकदम तापला तर झडप काम करतेय. सुरुवातीपासून हळूहळू कोमट होत गेला तर झडप उघडीच अडकली आहे किंवा कोणीतरी काढून टाकली आहे. आपल्याकडच्या काही मेकॅनिकांना झडप काढून टाकायची सवय आहे, "कोकणात थंडी खंय?" म्हणून. ते चूक आहे. इंजिन पुरेसं तापलं नाही की पेट्रोल जास्त लागतं आणि इंजिन लवकर झिजतं. झडप परत बसवून घ्या. आणि गरम इंजिनावर रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका, हे माहीत असलं तरी पुन्हा सांगतो.

स्पीडचा काटा

केबलच्या मीटरची पिढी आता संपत आली. मुंबईतल्या प्रीमिअर पद्मिनी टॅक्सींमधली शेवटची 29 ऑक्टोबर 2003 ला नोंदली गेली आणि 20 वर्षांची मुदत संपल्यावर ऑक्टोबर 2023 च्या शेवटी रस्त्यावरून गेली. पण जुन्या जीप, टेम्पो, मारुती 800 आणि दुचाक्या अजून वाड्यावाड्यांत आहेत, म्हणून थोडक्यात सांगतो. जर्मनीच्या ओटो शुल्झने 1902 मध्ये पेटंट घेतलेलंच तत्त्व यात चालतं. केबल एक चुंबक फिरवते, चुंबकाभोवतीची ॲल्युमिनियमची वाटी त्याच्यामागे ओढली जाते आणि बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते. चुंबक आणि वाटी एकमेकांना कुठेच जोडलेली नसतात.

काटाही मेला आणि किलोमीटरचे आकडेही थांबले तर केबल तुटली आहे किंवा गिअरबॉक्सकडची छोटी प्लास्टिकची गरारी गेली आहे. आकडे फिरतात पण काटा मेलाय, तर दोष मीटरच्या आत. काटा थरथरतो, उड्या मारतो, तर केबल कोरडी पडली आहे किंवा कुठेतरी तिला पीळ बसलाय. केबल बाहेर काढून पुसा, ग्रीसचा अगदी पातळ हात द्या, पण मीटरकडचा वरचा तिसरा हिस्सा कोरडाच ठेवा. फिरताना ग्रीस वर चढतं, मीटरमध्ये शिरतं आणि वाटीच चुंबकाला चिकटते. मग काटा एकशेवीसवर जाऊन बसतो. उत्साहाने नळीभर ग्रीस ओतलेल्या गाड्यांत हे हमखास होतं.

नव्या गाड्यांत वेग गिअरबॉक्सवरचा सेन्सर किंवा चाकांवरचे एबीएसचे सेन्सर कळवतात. स्पीडचा काटा मेलाय आणि एबीएसचा दिवाही पेटलाय, तर चाकाजवळ बघा. तांबडा चिखल आणि गंज सेन्सरच्या तोंडाशी साचलेला असतो. मऊ ब्रशने, पाण्याने साफ करा, पेचकसाने खरवडू नका. स्पीडोमीटर चालू असणं केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधल्या नियम 117 प्रमाणे बंधनकारक आहे. त्यामुळे हा काटा "चालतंय तोवर चालवू" या यादीत टाकू नये.

मीटर उघडायची वेळ आली तर

आता खरोखर दोष मीटरमध्येच आहे असं ठरलं. तरी उघडण्याआधी दोन गोष्टी करून बघा. एक, ओलसर कापडाने मीटरची काच पुसा आणि वाळू द्या. डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या दिवसांत सुक्या कापडाने काच जोरात घासली की प्लास्टिकवर स्थिर वीज साठते आणि हलका काटा ओढला जाऊन चिकटल्यासारखा राहतो. गाडी धुऊन आणल्यावरच काटा अडकला असेल तर हेच कारण असण्याची दाट शक्यता. थिनर, पेट्रोल, डॅशबोर्ड पॉलिश काचेला लावू नका, ती कायमची धुरकट होते.

दुसरी गोष्ट नव्या गाड्यांसाठी. यांच्यात प्रत्येक काट्यामागे एक छोटी स्टेपर मोटर असते. ती ठरावीक बारीक पावलांनी फिरते आणि आपण कुठे आहोत हे तिला स्वतःला कळत नाही. किल्ली ऑन केल्यावर मीटर काट्याला शून्याच्या खुंटीवर टेकवून मोजणी नव्याने सुरू करतं. बॅटरी उतरत असताना, जम्प स्टार्ट देताना ही मोजणी चुकते आणि काटा भलत्याच जागी राहतो, कधी खुंटीच्या पलीकडेही. किल्ली काढून बॅटरीचा निगेटिव्ह टर्मिनल सोडवा, पंधरा मिनिटं थांबा, परत जोडा. रेडिओला कोड असेल तर तो आधी लिहून ठेवा. काही गाड्यांत ट्रिपचं बटण दाबून धरून किल्ली ऑन केली की सगळे काटे एकदा शेवटपर्यंत फिरून येतात. गाडीच्या पुस्तकात बघा. सगळे काटे फिरले आणि एकच अडला तर त्याची मोटर गेली आहे किंवा तिच्या चार पायांपैकी एखाद्याचं झाळकाम सुटलंय. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या 2003 ते 2006 च्या ट्रक आणि एसयूव्हींत याच मोटरी इतक्या मोठ्या संख्येने गेल्या की त्यांची सुटी मोटर बदलून देणं हा तिथल्या कारागिरांचा एक धंदाच झाला. मोटर स्वस्त असते, पैसे हाताच्या कसबाचे. टीव्ही-मोबाईल दुरुस्त करणारा चांगला कारागीर ती बदलू शकतो, फक्त त्याला काटा काढायची रीत सांगा.

ती रीत अशी. मीटर काढताना बॅटरी सोडून पंधरा मिनिटं झालेली असावीत, आणि मीटर बाहेर असताना किल्ली ऑन करायची नाही, नाहीतर एअरबॅगचा दिवा पेटून बसतो. स्टीअरिंगवरच्या एअरबॅगला घरी हात लावायचा नाही. काच काढल्यावर आधी तबकडीवर कागदी टेपचा तुकडा लावून काटा कुठे आहे त्याची खूण करा आणि मोबाईलवर समोरून फोटो घ्या. मग काट्याच्या मुळाशी दोन्ही बाजूंनी दोन चमचे सरकवा, खाली तबकडीवर कापडाची घडी ठेवा आणि दोन्ही चमचे सारखेच दाबून काटा सरळ वर उचला. पिळायचा नाही, एका बाजूने उचकटायचा नाही. अक्ष वाकला की मोटर संपली. परत बसवताना काटा तबकडीला टेकेपर्यंत दाबू नका, नखभर फट ठेवा. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीची तबकडी थोडी फुगते आणि टेकून बसलेला काटा तिला घासून अडतो. काही गाड्यांत तर अडकण्याचं एवढंच कारण असतं. नुसता उचलला की काटा सुटतो. बैठकीत तेलाचा थेंब सोडायचा मोह होईल, सोडू नका. धूळ धरून तो महिन्याभरात गोंद होतो.

दुसऱ्या गाडीचं जुनं मीटर आणून बसवायचं असेल तर एक सावधगिरी. नव्या गाड्यांत किलोमीटरचा आकडा मीटरच्याच चिपमध्ये असतो. मीटर बदलताना जुना आकडा बिलावर तारखेसह लिहून घ्या आणि नव्या मीटरवर तोच चढवून घ्या. त्यातून कमी आकडा दाखवणं ही विकत घेणाऱ्याची फसवणूक आहे.

बसवून झालं की पडताळा घ्या. स्पीडच्या काट्यासाठी मोबाईलवर जीपीएसचा वेग लावून सोबतच्या माणसाला वाचायला सांगा, स्वतः चालवताना बघू नका. काटा जीपीएसपेक्षा थोडा जास्त दाखवत असेल तर ठीक, कंपन्या तसाच ठेवतात. कमी दाखवत असेल तर काटा चुकीच्या जागी बसलाय. पेट्रोलच्या काट्यासाठी टाकी राखीवच्या जवळ असताना पंपावर जा, सपाट जागी उभे राहा, पाच-पाच लिटर भरत दर वेळी किल्ली ऑन करून काटा स्थिर होईपर्यंत थांबा आणि कुठे आला ते लिहा. पंपावर गर्दी नसेल अशी वेळ निवडा. बऱ्याच टाक्यांचा आकार खाली अरुंद असतो, त्यामुळे वरचा अर्धा हिस्सा सावकाश आणि खालचा भराभर उतरतो. तुमच्या गाडीचा अर्धा काटा म्हणजे किती लिटर, हे या कागदावरून कळेल. तो कागद गाडीच्या पुस्तकातच ठेवा.

सुटा भाग मागवला असेल आणि तो यायला आठवडा लागणार असेल तर तोवर ट्रिप मीटरवर चालवा. टाकी फुल केली की ट्रिप शून्य करा. गाडी लिटरला किती देते ते माहीत असतंच. त्या हिशोबाने पाव टाकी उरेल तेव्हाच पुन्हा भरा, त्याखाली जाऊ नका. टाकीतला इलेक्ट्रिक पंप भोवतीच्या पेट्रोलनेच गार राहतो, आणि कोरडा चालून तो जळला तर त्याची किंमत काट्यापेक्षा कितीतरी जास्त पडते.